एकाच गाण्याला तीन नावे कशी?



समजा, सुट्टीत तुम्ही गावी गेलात आणि आजीकडून जात्यावरच्या ओव्या म्हणून घेतल्या. मोबाइलवर त्या ध्वनिमुद्रित केल्या, संगणकावर आणून त्यांची एमपी३ फाइल तयार केली. शीर्षक दिले 'आजीच्या ओव्या'. गायिका म्हणून आजीचे नाव भरले, गावाचे नाव आणि वर्षही लिहिले. संगणकावर हे सारे अगदी स्वच्छ दिसते. मग तीच फाइल तुम्ही मामाच्या गाडीतल्या प्लेअरवर लावता. तेथे शीर्षकाच्या जागी रोमन 'ए' आणि कुठल्याशा परकी चिन्हांची रांग! घरातल्या जुन्या एमपी३ प्लेअरवर लावता, तर तेथे नुसती प्रश्नचिन्हे, आणि गाण्याचा प्रकार म्हणून चक्क 'ब्लूज' असे लिहिलेले. ब्लूज हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या संगीताचा एक प्रकार. आजीने तो उभ्या जन्मात ऐकलेला नाही!

फाइल एकच आहे. आवाजही तिन्ही ठिकाणी एकच ऐकू येतो. मग नावे तीन कशी? फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकण्याची घाई करू नका. डॉक्टर जसे लक्षणांवरून रोग ओळखतात, तसा या चुकांवरूनच दोष कोठे आहे ते ओळखता येते. त्यासाठी आधी फाइलच्या पोटात काय असते ते पाहू या.

डब्यावरची चिठ्ठी

स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या असतात: रवा, मैदा, पिठीसाखर. चिठ्ठी निघाली म्हणून डब्यातला रवा बदलत नाही. पण डबा न उघडता आत काय आहे ते मात्र कळत नाही. ध्वनीच्या फाइलचेही असेच आहे. फाइलचा बहुतेक भाग आवाजाचा असतो. त्याच्या मागे किंवा पुढे शीर्षक, गायक, संग्रह, वर्ष अशी माहिती लिहिलेला एक छोटा भाग जोडलेला असतो. त्याला टॅग म्हणतात. आपण त्याला चिठ्ठी म्हणू.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. फाइलचे नाव आणि चिठ्ठीतले शीर्षक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइलचे नाव बदलले तरी चिठ्ठी जशीच्या तशी राहते. 'मी नाव बदलले तरी प्लेअर जुनेच दाखवतो' या तक्रारीचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

पण खरी गंमत पुढेच आहे. एका एमपी३ फाइलला एकाच वेळी दोन, कधी तीनसुद्धा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असू शकतात, आणि त्या सर्वांवर एकच मजकूर असेल याची खात्री नसते.

शेवटचे १२८ बाइट

एमपी३ ही पद्धत तयार झाली तेव्हा तिच्यात गाण्याचे नाव लिहायला जागाच ठेवलेली नव्हती. १९९६ साली एरिक केम्प यांनी एक साधी युक्ती काढली. फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइटची एक चिठ्ठी जोडायची. (एक बाइट म्हणजे ८ बिटांचा गट, त्यात ० ते २५५ पैकी कोणतीही एक संख्या मावते.) या चिठ्ठीला आयडी३ची पहिली आवृत्ती म्हणतात. तिची वाटणी अशी:

ओळखीची खूण, 'टी', 'ए', 'जी' ही तीन रोमन अक्षरे: ३ बाइट
शीर्षक: ३० बाइट
गायक: ३० बाइट
संग्रहाचे नाव: ३० बाइट
वर्ष: ४ बाइट
शेरा: ३० बाइट
गाण्याचा प्रकार: १ बाइट

बेरीज करा: बरोबर १२८. चिठ्ठी शेवटी का? जुन्या प्लेअरांना ती ठाऊक नव्हती. मध्येच घातली असती, तर आवाजात खरखर झाली असती. शेवटी असल्याने तोवर गाणे संपलेले असते. सेकंदाला १,२८,००० बिट, म्हणजे १६,००० बाइट, या वेगाने वाजणाऱ्या फाइलमध्ये १२८ बाइट म्हणजे सेकंदाचा सव्वाशेवा भाग. कानाला ते जाणवणारही नाही.

युक्ती सुटसुटीत, पण अंगरखा तोकडा! शीर्षक ३० बाइटपेक्षा लांब असले की शेपूट कापले जाते. प्रकारासाठी एकच बाइट असल्याने प्रकारांची एक क्रमांकवार यादी ठरवली गेली. ती ० ते ७९ अशी ८० प्रकारांची होती. तिच्यात लोकगीतसुद्धा नव्हते. ते पुढे वाढवलेल्या यादीत ८० व्या क्रमांकावर आले. ओवी तर कोठेच नाही. आणि शून्य क्रमांकाला कोणता प्रकार होता? ब्लूज! एखाद्या प्रोग्रामने प्रकाराची जागा रिकामी समजून तेथे शून्य लिहिले, की वाचणारा प्लेअर त्याचा अर्थ 'ब्लूज' असा करतो. आजी ब्लूज गायिका झाली ती अशी. काही माहिती नाही आणि माहिती शून्य आहे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे विज्ञानात पदोपदी सांभाळावे लागते.

पुढे लावलेली चिठ्ठी

हा तोकडेपणा घालवण्यासाठी १९९८ साली आयडी३ची दुसरी आवृत्ती आली. ही चिठ्ठी फाइलच्या सुरुवातीला असते. तिची खूण 'आय', 'डी', '३'. तिच्यात ठरावीक लांबीचे खण नाहीत. प्रत्येक माहितीची स्वतंत्र पुडी असते. पुडीवर तिचे नाव लिहिलेले, मग तिची लांबी, मग मजकूर. शीर्षकाच्या पुडीचे नाव 'टीआयटी२', गायकाच्या पुडीचे 'टीपीई१'. पुड्या कितीही आणि कितीही लांब, अगदी चित्राचीसुद्धा पुडी करता येते.

पण या दुसऱ्या आवृत्तीच्याही पोट-आवृत्त्या झाल्या. त्यांपैकी १९९९ ची २.३ आणि २००० ची २.४ या दोन आज सगळीकडे आढळतात. दोघींत फरक थोडे, पण घोटाळ्याला तेवढे पुरतात. उदाहरणार्थ, २.३ मध्ये वर्षाच्या पुडीचे नाव 'टीवायईआर', तर २.४ मध्ये 'टीडीआरसी'. फक्त पहिले नाव ठाऊक असलेला प्लेअर दुसऱ्या पुडीकडे ढुंकूनही पाहत नाही. मग एका ठिकाणी वर्ष दिसते आणि दुसऱ्या ठिकाणी ती जागा रिकामी!

आता आपल्या कोड्याचा अर्धा उलगडा झाला. जुना प्लेअर मागची चिठ्ठी वाचतो आहे. संगणक आणि गाडी पुढची. पण मग संगणकावर मराठी आणि गाडीत परकी चिन्हे का? त्यासाठी अक्षरे कशी साठवतात ते पाहावे लागेल.

अक्षरांचे आकडे

संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, याचे कोष्टक ठरलेले असते. जुने एक कोष्टक म्हणजे लॅटिन-१. त्यात एका बाइटात एक अक्षर, म्हणजे जास्तीत जास्त २५६ जागा. पश्चिम युरोपच्या भाषांना त्या पुरल्या. देवनागरीला तेथे एकही जागा नाही.

युनिकोड या जागतिक कोष्टकात देवनागरीला २३०४ ते २४३१ हे आकडे मिळाले आहेत. त्यात 'आ' चा आकडा २३१०. हा आकडा एका बाइटात मावत नाही, म्हणून तो मांडण्याच्या निरनिराळ्या रीती आहेत. यूटीएफ-१६ या रीतीत 'आ' चे दोन बाइट होतात: ९ आणि ६. पडताळून पाहा: ९ × २५६ + ६ = २३१०. यूटीएफ-८ या रीतीत तीन बाइट होतात: २२४, १६४ आणि १३४. तिचे गणित असे: पहिल्यातून २२४ आणि उरलेल्या दोहोंतून १२८ वजा करा. राहिले ०, ३६, ६. आता ३६ × ६४ + ६ = २३१०.

आयडी३च्या दुसऱ्या आवृत्तीत मजकुराच्या प्रत्येक पुडीत पहिला बाइट 'हा मजकूर कोणत्या रीतीने वाचावा' हे सांगतो. ० म्हणजे लॅटिन-१, १ म्हणजे यूटीएफ-१६. २.४ मध्ये ३ म्हणजे यूटीएफ-८ अशी भर पडली. मागच्या छोट्या चिठ्ठीत मात्र असा सूचना-बाइट मुळीच नाही.

आता तुमच्या फाइलमध्ये काय घडले ते पाहा. ज्या प्रोग्रामने शीर्षक लिहिले त्याने मजकूर यूटीएफ-८ रीतीने लिहिला, पण सूचना-बाइटात ० टाकला. पत्र मराठीत आणि पाकिटावर 'आतील मजकूर फ्रेंच' असे लिहावे तसे हे झाले. संगणकावरचा प्रोग्राम हुशार निघाला. मजकुराची ठेवण पाहून त्याने सूचना चुकीची आहे हे ताडले आणि मराठी दाखवले. गाडीतला प्लेअर आज्ञाधारक. त्याने सूचनेवर विश्वास ठेवला आणि प्रत्येक बाइटाचे एक लॅटिन चिन्ह काढले. चूक दाखवणारा प्लेअर नियमाने वागला, बरोबर दाखवणाऱ्याने अंदाज बांधला! म्हणून 'एका ठिकाणी बरोबर दिसते, म्हणजे फाइल निर्दोष आहे' असा निष्कर्ष काढू नये.

लक्षणे मोजा

'आजीच्या ओव्या' या शीर्षकात युनिकोडच्या हिशेबाने चिन्हे किती? आ, ज, ी, च, ्, य, ा ही ७. मग मोकळी जागा. मग ओ, व, ्, य, ा ही ५. म्हणजे देवनागरी चिन्हे १२. (काना, वेलांटी आणि हलन्त यांनाही स्वतंत्र आकडे आहेत.) आता पडद्यावर काय दिसते ते मोजा.

पहिले लक्षण: १२ प्रश्नचिन्हे. लिहिणाऱ्या प्रोग्रामने लॅटिन-१ कोष्टकात मराठी चिन्ह शोधले, ते सापडले नाही, म्हणून त्याने प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले. हे नुकसान कायमचे. प्रश्नचिन्हाचा आकडा सगळीकडे ६३ च असतो. त्यामागे 'आ' होता की 'ओ', हे सांगायला काही उरत नाही.

दुसरे लक्षण: ३६ चिन्हे. त्यांत डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याच्यामागे कधी चार काड्यांचे छोटे वर्तुळ, तर कधी जपानी येनचे चिन्ह. १२ ची तिप्पट ३६, म्हणजे यूटीएफ-८ चे तीन-तीन बाइट सुटे झाले. (काही चिन्हे अदृश्य असतात, त्यामुळे मोजणी थोडी कमी भरेल.) दिसायला हे सर्वांत भयंकर, पण भिण्याचे कारण नाही. सारे बाइट शाबूत आहेत. सूचना सुधारली की नाव परत येते.

तिसरे लक्षण: रिकामे चौकोन. येथे चिठ्ठीही बरोबर आणि वाचनही बरोबर. त्या यंत्रात देवनागरीचा टाइपच नाही. फाइलला हात लावू नका.

चौथे लक्षण: नाव मध्येच तुटलेले. मागच्या चिठ्ठीत शीर्षकाला ३० बाइट. यूटीएफ-८ रीतीने आपल्या शीर्षकाला १२ × ३ + १ = ३७ बाइट लागतात. तेथे 'आजीच्या ओव' एवढे २८ बाइटांत बसते आणि पुढच्या हलन्ताचे तीनपैकी दोनच बाइट आत येतात. म्हणून शेवटी एखादे विचित्र चिन्ह लोंबकळते.

मापाची गफलत

कधी शीर्षक दिसते, पण त्यापुढची सारी माहिती गडप होते. हा दोष बहुधा लांबीच्या मापाचा. २.३ मध्ये पुडीची लांबी नेहमीच्या रीतीने, २५६ च्या पटीत लिहितात. २.४ मध्ये प्रत्येक बाइटातला वरचा बिट मोकळा सोडून १२८ च्या पटीत लिहितात. समजा, पुडी ३०० बाइटांची आहे. १२८ च्या रीतीने ३०० म्हणजे २ आणि ४४. हेच आकडे कोणी २५६ च्या रीतीने वाचले तर? २ × २५६ + ४४ = ५५६! वाचणारा ३०० ऐवजी ५५६ पावले पुढे जातो आणि भलत्याच जागी उतरतो. झोपेत स्टेशन चुकलेल्या प्रवाशासारखी त्याची गत होते.

१२७ पर्यंतच्या लांबीला दोन्ही रीतींत आकडा सारखाच येतो. त्यामुळे छोट्या पुड्यांत चूक लपून राहते आणि चित्राची किंवा लांब शेऱ्याची पुडी आली की उघडी पडते. काही प्रोग्रामांनी २.४ ची चिठ्ठी लिहितानाही जुनेच माप वापरले होते; तशा फाइली आजही सापडतात.

दिसायला सारखे, पण वेगळे

समजा, गावातल्या बारा बायकांनी गायिलेली बारा गाणी तुम्ही एका संग्रहात ठेवली. काही प्रोग्राम त्यांचे बारा संग्रह करतात, कारण प्रत्येक गाण्याची गायिका वेगळी. यावर उपाय म्हणजे 'संग्रहाचा कलाकार' ही आणखी एक जागा सर्व गाण्यांत सारखी भरणे. मूळ नियमांत तिच्यासाठी पुडी नव्हती. 'टीपीई२' ही वाद्यवृंदाच्या नावाची पुडी अनेक प्रोग्रामांनी त्या कामी वापरायला घेतली. म्हणून एकाच पुडीला एक प्रोग्राम 'वाद्यवृंद' म्हणतो, तर दुसरा 'संग्रहाचा कलाकार'.

मराठीची आणखी एक खास अडचण आहे. 'वारकऱ्यांची भजने' यातला 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकदा 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त घेऊन, एकदा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. डोळ्याला दोन्ही सारखे, पण आकडे वेगळे. प्रोग्राम त्यांना दोन संग्रह समजतो. 'ॲ' चेही तसेच. अशा वेळी एका गाण्यातले बरोबर नाव उचलून बाकीच्यांत चिकटवावे; पुन्हा टंकू नये.

दुरुस्तीचा क्रम

१. आधी फाइलची प्रत करून दुसरीकडे ठेवा. प्रयोग प्रतीवर करावा, मूळ फाइलवर नाही.

२. कोणत्या यंत्रावर नेमके काय दिसते ते वहीत लिहा.

३. सर्व चिठ्ठ्या वेगवेगळ्या दाखवणारा प्रोग्राम घ्या. किड३ हा मोफत प्रोग्राम मागची आणि पुढची चिठ्ठी स्वतंत्र रकान्यांत दाखवतो. एमपी३टॅगमध्येही फाइलला कोणकोणत्या चिठ्ठ्या आहेत ते कळते. 'एपीई' नावाची तिसरी चिठ्ठी असली तर तीही येथे दिसेल.

४. एकाच चिठ्ठीत सर्व माहिती बरोबर करून घ्या. मगच मागची छोटी चिठ्ठी आणि एपीई काढून टाका. क्रम उलटा केलात, तर चांगली माहितीच पुसली जाण्याचा धोका असतो.

५. उरलेली चिठ्ठी २.३ आवृत्तीत, यूटीएफ-१६ रीतीने लिहा. जुन्या-नव्या बहुतेक यंत्रांना ती वाचता येते.

६. प्रत्येक यंत्रावर गाण्यांची यादी नव्याने तयार करायला सांगा. बरेच प्रोग्राम फाइल एकदाच वाचून माहिती स्वतःच्या वहीत उतरवून ठेवतात आणि पुढे वहीतलेच दाखवतात. फाइल सुधारली तरी ही वही जुनीच राहते.

७. एका फाइलवर तिन्ही यंत्रांत पडताळा घ्या. मगच बाकीच्या फाइलींना हात लावा.

एवढा खटाटोप नावासाठी कशाला, असे कोणी विचारील. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात ओवीबरोबर गायिकेचे आणि गावाचे नाव नोंदलेले आहे, म्हणून ती कोणाची हे आज सांगता येते. तुमच्या आजीचा आवाज तुम्ही ओळखाल; पण पन्नास वर्षांनी तो ऐकणाऱ्याला चिठ्ठीच काय ते सांगणार. तेथे बारा प्रश्नचिन्हे असली, तर उत्तर द्यायला कोणी नसेल. म्हणून संगणकावर नीट नोंद कराच, शिवाय एका वहीत शाईने फाइलचा क्रमांक, गाणारीचे नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा. त्या वहीला कोणतेही कोष्टक लागत नाही.

करून पाहा

१. एका एमपी३ फाइलच्या प्रतीचा आकार बाइटांत लिहून घ्या. तिची फक्त मागची छोटी चिठ्ठी काढा आणि आकार पुन्हा पाहा. किती फरक पडला?

२. तुमच्या स्वतःच्या नावात युनिकोडची चिन्हे किती? यूटीएफ-८ रीतीने ते मागच्या चिठ्ठीच्या ३० बाइटांत मावेल का?

३. 'आजीच्या ओव्या' चे जे ३६ लॅटिन चिन्हांचे रूप होते, त्यात येनचे चिन्ह बरोबर तीनदा येते. का?

उत्तरे: (१) मागची चिठ्ठी असल्यास बरोबर १२८ बाइट. (२) मोकळी जागा न धरता १० चिन्हांपर्यंत मावेल. (३) देवनागरीच्या १२८ जागांपैकी पहिल्या ६४ मध्ये दुसरा बाइट १६४ असतो, पुढच्या ६४ मध्ये १६५. लॅटिन-१ मध्ये १६५ म्हणजे येन. या शीर्षकात दीर्घ वेलांटी एक आणि हलन्त दोन, एवढी तीनच चिन्हे पुढच्या ६४ मध्ये येतात.